बीटवर माणूस किती दिवस असतो, ते मोजा

अमळनेरहून एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: "माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत बीटचे हवालदार यायचे, घरातल्या माणसांना नावानं हाक मारायचे. आता दर थोड्या वर्षांनी हजारो पोलिसांची भरती झाल्याचं वाचते, पण ओळखीचा पोलीस एकही उरलेला नाही. मग पोलीस वाढले की कमी झाले?"

ताई, पोलीस वाढले आणि तुमच्या गल्लीतला पोलीस कमी झाला, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला, ठराविक पोलिसाकडे सोपवलेला भाग. मी शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ठाण्यांचा कारभार पाहून निवृत्त झालो. मनुष्यबळाच्या चर्चेत चुकीचा आकडा धरून भांडणारे लोक मी खात्यातही पाहिले आणि खात्याबाहेरही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मोठे आकडे. पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या 2020 च्या आकडेवारीप्रमाणे देशात एक लाख लोकांमागे सुमारे 195 पोलीस मंजूर होते आणि प्रत्यक्षात सुमारे 155 होते. म्हणजे पाचांतली एक जागा रिकामी. महाराष्ट्रात कोरोनाच्या काळात भरती रखडली, नंतर 2022-23 मध्ये अठरा हजारांच्या आसपास आणि 2024 मध्ये सतरा हजारांच्या आसपास जागांची भरती निघाली. ही संख्या मोठी वाटते. पण खानदेशची लोकसंख्या पाहा. 2001 च्या जनगणनेत तिन्ही जिल्हे मिळून सुमारे 67 लाख, 2011 मध्ये सुमारे 79 लाख. दहा वर्षांत 12 लाख माणूस वाढला. लाखामागे दीडशे पोलीस हे प्रमाण टिकवायचं म्हटलं तरी एकट्या खानदेशला त्या दहा वर्षांत अठराशे पोलीस जास्तीचे लागले असते. शिवाय मोठ्या भरतीचा बराच भाग निवृत्तांच्या जागा भरण्यातच जातो. आणि 2011 नंतर जनगणना झालेलीच नाही.

तरीही हा भाग माझ्या लेखी दुय्यम आहे. लाखामागे किती, या हिशेबानं बीटबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी ठाण्याच्या आत जावं लागतं.

समजा एका ग्रामीण ठाण्याला 70 अंमलदार, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालचे पोलीस, मंजूर आहेत. आकडे उदाहरणादाखल घेतोय, पण ज्यानं ठाणं चालवलं आहे त्याला ते ओळखीचे वाटतील. 70 पैकी भरलेले 60. त्यातले सात जण कागदावर तुमच्या ठाण्याचे, पण काम करतात जिल्ह्याच्या ठिकाणी: स्थानिक गुन्हे शाखा, नियंत्रण कक्ष, वाहतूक शाखा, अधीक्षक कार्यालय. याला आम्ही संलग्न म्हणतो. राहिले 53. कुठल्याही दिवशी साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, प्रशिक्षण, साक्षीसाठी बाहेरगावचं कोर्ट यांत तेरा जण जातात. हजर 40. आता ठाणे अंमलदार आणि त्याचा मदतनीस, तीन पाळ्या, म्हणजे सहा. 112 या मदत क्रमांकाची गाडी, दोन पाळ्यांत दोघे-दोघे, चार. बाकीच्या सरकारी गाड्यांचे चालक दोन. सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवायच्या यंत्रणेच्या, संगणकावर तीन. कोर्ट पैरवी आणि समन्स-वॉरंट तीन. मुद्देमाल, गोपनीय आणि बारनिशी (टपालाची आवक-जावक) मिळून चार. लॉकअप आणि इतर गार्ड चार. अधिकाऱ्यांच्या तपासाला रायटर म्हणून तीन. गुन्हे शोध पथक तीन. या सगळ्यांची बेरीज होते 32. चाळिसातून ते गेले की बीटला उरले आठ. त्यातले दोघे आदल्या रात्रीच्या गस्तीवर होते, ते दिवसा झोपणार. हातात राहिले सहा. हद्दीत चार बीट आणि साठ गावं.

सत्तरातून सहा. मंत्रीसाहेब विधानसभेत सत्तर सांगतात तेही खरं, आणि तुम्हाला गल्लीत कोणी दिसत नाही तेही खरं.

या हिशेबात एक गोष्ट नेहमी विसरली जाते. चोवीस तास चालणारी एक जागा आठ-आठ तासांच्या पाळीनं भरायची तर तीन माणसं पुरत नाहीत. सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा केले की एक माणूस वर्षातले साधारण 240 दिवस कामाला मिळतो. वर्षाच्या पाळ्या 1,095. म्हणजे एका जागेला साडेचारच्या वर माणसं. हे माहीत असूनही खातं वर्षानुवर्षं दोन माणसांत ती जागा चालवत आलं, बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त. मुंबईत 2016 साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तो एका अंमलदारानंच मांडलेल्या आराखड्यावर. ग्रामीण खानदेशात आठ तास ही आजही बहुतेकांसाठी ऐकायची गोष्ट आहे. बारा तासांनी थकलेला माणूस बीटवर गेला तरी तो ओट्यावर बसून म्हाताऱ्यांशी बोलत नाही. तो भेटीच्या नोंदवहीत सही करतो आणि परततो.

आता मूळ प्रश्न: हे असं कधी झालं? एका दिवसात झालेलं नाही. प्रत्येक नवं काम आलं तेव्हा ते योग्यच होतं, आणि प्रत्येक वेळी माणूस बीटमधूनच काढला गेला, कारण बीटमधला माणूस काढला तर त्या दिवशी कोणाचंच काही अडत नाही. ठाणे अंमलदाराची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, लॉकअपचा गार्ड काढता येत नाही. बीट रिकामं राहिलं तर बोंब व्हायला सहा महिने लागतात.

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धडगाव-मोलगीच्या माणसाला अधीक्षक जवळ आला, ही मोठी सोय झाली. पण नवा जिल्हा म्हणजे नवं अधीक्षक कार्यालय, मुख्यालय, नियंत्रण कक्ष, बिनतारी विभाग, गुन्हे शाखा. ती माणसं शेवटी ठाण्यांतूनच उभी राहतात. 2015 मध्ये राज्यात सीसीटीएनएस सुरू झालं. फिर्याद संगणकावर आली आणि ज्या पोरांना टायपिंग येत होतं ते तरुण शिपाई बीटवरून थेट संगणकासमोर गेले. 2021 मध्ये 112 आलं. फोन केला की गाडी येते, हे लोकांना फार हवं होतं आणि त्याचा उपयोगही झाला. पण गाडीतला पोलीस भांडण झाल्यावर येतो, वीस मिनिटं थांबतो, पुढच्या फोनला जातो. तो कोणाचाच बीट अंमलदार नसतो. 2022 मध्ये शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं पोलीस नाईक हे पद रद्द झालं आणि वरच्या पदांच्या जागा वाढल्या. वर्षानुवर्षं बढतीची वाट पाहणाऱ्यांना न्याय मिळाला, तपास करू शकणारे हवालदार वाढले, आणि त्याच वेळी पायी फिरणारा माणूस आणखी कमी झाला. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती-जप्तीचं चित्रीकरण, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाची भेट, हे सगळं तपास सुधारणारं आहे. पण त्यामुळे एका गुन्ह्यामागे लागणारे तास वाढले आणि बीटचा हवालदारच बहुतेक ठिकाणी तपासी अंमलदारही असतो. त्याच्याकडे दहा-बारा गुन्ह्यांचे कागद असतील तर तो गावात कधी जाईल?

आणि बंदोबस्त. खानदेशातल्या पोलिसाचं वर्ष सणांच्या तारखांनी बांधलेलं असतं. चैत्रात धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, रामनवमी, हनुमान जयंती, 14 एप्रिल. वैशाखात तुमच्याच बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा. मग गणपती, त्यात नंदुरबारच्या दादा आणि बाबा गणपतींची मिरवणूक. नवरात्र, कार्तिकी एकादशीचा जळगावचा रथ, दत्त जयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, महाशिवरात्रीला मुक्ताईनगर. मध्ये ईद, मोहरम, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, कापसाच्या भावावरचा रास्ता रोको. जिल्ह्याबाहेरचा बंदोबस्त वेगळा. 2027 च्या नाशिकच्या सिंहस्थाला खानदेशातून माणूस जाणार, ते आत्ताच धरून चाला. बंदोबस्ताची यादी निघते तेव्हा पहिली नावं बीटवाल्यांचीच असतात. माझ्या मते भरतीच्या कमतरतेपेक्षाही याच गोष्टीनं बीट जास्त मोडलं, आणि यावर विधानसभेत कोणी प्रश्न विचारत नाही.

बीट रिकामं राहिल्यानं काय जातं? पहिली जाते माहिती. शेतातली विद्युत मोटार किंवा केबल चोरीला जाते, रावेरकडे केळीचे घड कापून नेतात, अनेरच्या पात्रातून रात्री वाळू उचलली जाते, उमर्टीहून गावठी कट्टा घेऊन कोणी चोपड्यात येतं. यातलं काहीही गाडीतून गस्त घालून कळत नाही. कळतं ते पानटपरीवाल्याकडून, दूध डेअरीवरून, शाळेच्या शिपायाकडून. आणि ते फक्त ओळखीच्या माणसाला सांगितलं जातं. "हाऊ मानूस आपला गावना नही," हे वाक्य नवख्या वर्दीला कोणी ऐकवत नाही.

दुसरी गोष्ट, लहान भांडण मोठं होण्याआधी दिसायचं थांबतं. अदखलपात्र तक्रारी, ज्यांना आम्ही एनसी म्हणतो, त्या मी फार महत्त्वाच्या मानतो. एकाच बांधावरून, एकाच गल्लीतून दोन महिन्यांत तीन एनसी आल्या तर चौथ्या वेळी डोकी फुटणार हे अनुभवी हवालदाराला कळतं. तो दोन्ही घरी जातो, गरज पडली तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली प्रतिबंधक कारवाई करतो, जी पूर्वी 107 म्हणून ओळखली जायची. बीटवर माणूसच नसेल तर एनसी ही फक्त नोंद राहते. धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला जी दंगल झाली तिची सुरुवात हॉटेलच्या बिलावरून झालेल्या वादातून झाली होती, आणि त्या दिवशीच्या पोलीस गोळीबारात सहा तरुण गेले.

राईनपाडा तर विसरताच येत नाही. साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावानं मारून टाकलं. पोलीस पोचले तेव्हा ते मूठभर आणि जमाव प्रचंड. त्यांनाही मार बसला. अशा दिवशी आणखी दहा पोलीस पाठवले असते तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण अफवा त्या दिवशी जन्मलेली नव्हती, ती आधीपासून मोबाइलवरून फिरत होती. अशा वेळी पाड्यावर ज्याचं ऐकलं जातं असा वर्दीतला माणूस आधी जाऊन बसलेला असावा लागतो. तशी ओळख एका दिवसात तयार करता येत नाही.

इथे पोलीस पाटलांबद्दल बोललंच पाहिजे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 प्रमाणे वंशपरंपरेऐवजी नेमणुकीनं पोलीस पाटील आला. शासनाचा गावातला सगळ्यात जवळचा पोलीस तोच. नेमणूक प्रांताकडून, काम पोलिसांचं, आणि म्हणून दोघांनाही तो आपला वाटत नाही. कित्येक गावांत ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि शेजारच्या गावच्या पाटलाकडे जास्तीचा भार दिला जातो. सातपुड्यात एका गावाचे पाडे चार-चार कोसांवर विखुरलेले असतात, तिथे हा जास्तीचा भार म्हणजे निव्वळ कागद. 2024 मध्ये मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झालं, हे चांगलं झालं. आता पदं भरावीत. एका पोलीस पाटलाच्या पदाला लागणाऱ्या पैशात गावाला जेवढं संरक्षण मिळतं, तेवढं दुसऱ्या कशातूनही मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वीचं सगळं सोन्यासारखं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या लहानपणीचे हवालदार सगळ्यांचे नव्हते. ब्रिटिशांनी 1825 मध्ये धरणगावात खानदेश भिल्ल पलटण उभारली, 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण त्याची नजर ठाण्यांत खूप वर्षं राहिली. चोरी झाली की पारधी, भिल्ल वस्तीवर पहिली धाड, ही पद्धत मी नव्यानं लागलो तेव्हाही चालू होती. बाईमाणूस तर ठाण्याची पायरी चढत नसे. आज भरतीत महिलांना 30 टक्के आरक्षण आहे, ठाण्यात महिला अंमलदार आहेत, आणि घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन येणारी बाई त्यांच्याशी बोलते. बीट परत उभं करायचं ते या सगळ्यासकट. ज्या वस्तीला पोलिसाची भीती वाटते त्या वस्तीत पोलीस रोज गेला म्हणजे आपोआप भलं होतं असं नाही.

बाहेरच्या देशांतूनही एक शिकण्यासारखं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये वस्तीत फिरणाऱ्या, अटकेचे पूर्ण अधिकार नसलेल्या साहाय्यकांची एक फळी 2002 च्या कायद्यानं उभी केली. 2010 मध्ये ते सतरा हजारांच्या जवळ होते. मग सरकारनं खर्च कापला. पोलीस अधिकारी सुमारे 1,43,000 वरून 1,22,000 पर्यंत उतरले. पुढे मोठी भरती करून 2023 पर्यंत अधिकाऱ्यांचा आकडा पूर्वीपेक्षाही वर नेला, पण वस्तीतले ते साहाय्यक तोपर्यंत निम्म्याहून कमी झाले होते. एकूण आकडा भरून निघाला, वस्ती भरून निघाली नाही. शेवटी तिथल्या सरकारला वस्तीसाठी म्हणून 13,000 माणसं वेगळी जाहीर करावी लागली. अमेरिकेतले दोन जुने प्रयोगही मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचो. कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागांत गस्तीच्या गाड्या वाढवल्या, काही भागांत काढून घेतल्या. गुन्ह्यांत फरक पडला नाही. नेवार्कमध्ये 1970 च्या दशकाअखेर पायी गस्तीचा अभ्यास झाला. गुन्हे तिथेही फारसे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. भीती कमी झाली की लोक बोलतात, आणि लोक बोलले की तपास लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. "आमच्या ठाण्याला पोलीस वाढवून द्या" असं निवेदन देऊ नका. दहा वाढले तर त्यांचं एक नवं पथक होईल. त्याऐवजी अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर जुनी माहिती मागा. गेल्या दहा वर्षांत दर 1 जानेवारीला तुमच्या ठाण्याची मंजूर आणि भरलेली पदं किती होती. त्यातले किती अंमलदार दुसरीकडे संलग्न होते. आज बीट किती, प्रत्येकाचा अंमलदार कोण आणि तो कोणत्या तारखेपासून त्या बीटला आहे. गेल्या वर्षी बीट अंमलदारांना बाहेरच्या बंदोबस्ताला किती दिवस पाठवलं. येणाऱ्या दिवसांच्या नेमणुका विचारल्या तर सुरक्षेचं कारण देऊन नकार येईल. उलटून गेलेल्या वर्षाचं विचारा. "तक्ता तयार करून द्या" असं लिहू नका, असलेल्या नोंदवहीच्या प्रती मागा. तीस दिवसांची मुदत आहे.

तारखेचा प्रश्न मुद्दाम सांगितला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अंमलदाराला एका ठिकाणी साधारण पाच वर्षांचा कार्यकाळ आहे, तर ठाण्याच्या प्रभारीला दोन वर्षांचा. पण हे संरक्षण ठाण्याचं आहे, बीटचं नाही. ठाण्याच्या आत बीट कोणाला द्यायचं हे प्रभारी ठरवतो, आणि नवा प्रभारी आला की वाटप बदलतो. पाच वर्षांत एका बीटला चार माणसं येऊन जातात. ओळख व्हायला पहिलं वर्ष लागतं. त्याचं काम सुरू होतं दुसऱ्या वर्षी. बीटचा माणूस तीन वर्षं हलवायचा नाही, आणि महिन्यातले ठराविक दिवस त्याला कोणत्याही बंदोबस्ताला लावायचं नाही, एवढे दोन आदेश अधीक्षकांनी काढले तर एकही नवीन पद न मागता फरक दिसेल. मी प्रभारी असताना महिन्यातले आठ दिवस असे राखून ठेवायचो. वरून बोलणी खाल्ली, पण त्या बीटांमधल्या एनसी वाढल्या आणि मारामारीचे गुन्हे घटले. एनसी वाढल्या याचा मला आनंद होता, कारण लोक भांडण हातघाईवर येण्याआधी सांगायला येऊ लागले होते.

तुमच्याकडे वैशाखातल्या यात्रेआधी किंवा गणपतीआधी शांतता समितीची बैठक होईल. त्या बैठकीत बहुतेक वेळ मिरवणुकीच्या मार्गावर आणि डीजेच्या आवाजावर जातो. तुम्ही शिक्षिका आहात, तुमचं ऐकलं जाईल. शेवटी उठून निरीक्षकांना एवढीच विनंती करा की बीटचे अंमलदार इथे उभे करा, त्यांची नावं आणि मोबाइल नंबर सगळ्यांना द्या, आणि ते कोणत्या तारखेपासून त्या बीटला आहेत ते सांगा. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या बैठकीला वही बरोबर न्या.